आबाने पारखलेलं गाढव

पारोळ्याच्या बैलबाजारातल्या एका दलालाने मला फसवलं. मी त्याला नाही, त्याने मला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट उलटी सांगितली जाते.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याचा मुलगा सज्जन आहे आणि अजून माझ्याच दुकानातून दोर नेतो. सगळा बाजार त्याला आबा म्हणायचा, मीही तेच म्हणतो. उंच, वाळलेला, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, आणि त्या खालच्या खांद्यावर कायम एक लाल रुमाल.

बैल दाखवायला आणला की आबा त्याच्याकडे बघायचाच नाही. मालकाकडे बघायचा आणि म्हणायचा, "हात काढा. आते दखू." मालकाने दोर सोडून दहा पावलं मागे जायचं. मग आबा तंबाखू मळत उभा. अर्धा तास, कधी तासभर. बैल काय करतो ते बघायचं. "दोर हातात शे तोवर बठ्ठा बैल गुणी," म्हणजे सगळेच बैल गुणी, असं त्याचं म्हणणं.

सौदा मात्र रुमालाखाली. तुमच्याकडच्या बाजारातही असेल ही रीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा. वर दोघांचे चेहरे असे, की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात. आणि रुमालाखाली जे झालं ते तिसऱ्याला मरेपर्यंत सांगायचं नाही.

मी त्याच बाजारात वाढलो. बारा वर्षांचा असल्यापासून तिथे दोर, वेसणी, गोंडे विकले. पुढे जळगावात स्वतःचं दुकान टाकलं, वर दोन खोल्या बांधल्या. कुणाच्या बापाचा एक पैसा नाही त्यात. सांगितलेल्या भावाला मी, एक वेळ सोडली तर, आजवर हो म्हटलेलं नाही. दवाखान्यातसुद्धा नाही. आवाज मोठा आहे. बाजारात वाढलेल्या माणसाचा असतोच. त्याला लोक राग म्हणतात.

त्या आवाजानेच घोटाळा केला. माझी मुलगी पिंपळनेरला दिली आहे. आखाजीला माहेरी येते, आमच्या खानदेशात त्या सणाला लेकी येतातच. तिची सहा वर्षांची सोनी, माझी एकुलती एक नात, मी जिना चढताना पायांचा आवाज आला की पलंगाखाली जायची. एकदा तर जेवणाचं ताट घेऊन गेली. मी वाकून म्हटलं, "सोनी, बाहेर ये." तर माझी बायको म्हणाली, "अहो, ते बोलावणं आहे की जप्ती?"

तिकडे पिंपळनेरच्या व्याह्यांनी तिला लाकडी झुलता घोडा करून दिला होता. पोरगी त्यांच्या गळ्यात पडायची म्हणे. हे मला दरवर्षी ऐकवलं जायचं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दुकानाची बिलं करायला मी एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. बिलं त्याच्यावर कधीच झाली नाहीत. तो वरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, माथ्यावर कुंकवाचं स्वस्तिक घेऊन बसला होता. त्याला उष्णता चालत नाही असं विकणाऱ्याने सांगितलेलं, म्हणून जळगावच्या मे महिन्यात घरातला एकमेव कूलर त्याच्याकडे तोंड करून लावलेला, आणि आम्ही माणसं बाजूला घाम पुसत. मी विचार केला, घोडा काय, कोणताही सुतार करील. माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर लहान मुलांचा खेळ आणू, मग बघू पलंगाखाली कोण जातं.

खेळ घ्यायला धुळ्याला निघालो. जळगावात घेतला असता तर गावभर झालं असतं, की हा नातीला जवळ बोलवायला खेळ शोधतोय. एसटीत पारोळ्याला आबा चढला आणि शेजारी बसला.

"कोठे चालनात भाऊ?"

"धुळ्याला. खेळ घ्यायचाय नातीला."

"कसाना खेळ?"

मी समजावून सांगितलं. एक पेटी असते, समोर काच असते, काचेत चित्रं चालतात. हातात एक उंदीर असतो, तो सरकवून चित्रात कुठेही टिचकी मारायची, की तिथलं काहीतरी हलतं. त्यातल्या त्यात बरा कुठला, ते निवडायचं.

आबाने जरा विचार केला. "चित्रं चालतस म्हणजे जनावरंच ना?"

"जनावरंही असतात."

"मंग मी येस."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझा एक नियम आहे. ज्या मालातलं आपल्याला कळत नाही, तिथे एकट्याने जायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, आबाला तरी काय कळत होतं? त्या वेळी अख्ख्या खानदेशात लहान पोरांच्या कॉम्प्युटरच्या खेळातलं कुणाला कळत होतं, ते मला सांगा.

देवपुरात एक नवं दुकान होतं. मालक पंचविशीचा, गळ्यात टाय, दारात पाटी: चप्पल बाहेर काढा. आम्ही काढल्या. त्याने तीन खेळ मांडले. एकात जहाजावरचा उंदीर कप्तान, एकात जादूगार विदूषकाचं घर, आणि एकात डोंगरातल्या गावात टपाल वाटणारं गाढव. तिन्ही पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, असं तो म्हणाला.

आबा मांडी घालून खुर्चीवर बसला. "चालाडी दखाडा."

दुकानदार पोराने उंदीर कप्तान लावला. कप्तान जो बोलायला लागला तो थांबेचना. सगळं इंग्रजी. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "आबा, मुलांचं इंग्रजी सुधारतं याने."

"पोर कितली वरीसनी शे?" आबाने मला विचारलं.

"सहा."

"तिले इंग्रजी येस?"

"कुठून येणार?"

"हात काढा," आबा दुकानदाराला म्हणाला. "आते दखू."

पोराने हात काढला. आबाने तंबाखूची डबी काढली. दोन मिनिटांनी कप्तान आतून काचेवर ठकठक करायला लागला. मग ओरडायला लागला. मग काठी आपटायला लागला.

"काय म्हनस तो?"

"लवकर करा म्हणतो. म्हणजे मुलांनी पुढे खेळावं म्हणून ते..."

"दुसरा लावा."

विदूषकाचंही तेच. हात काढल्यावर तो घड्याळ दाखवून रडायचा. आबा माझ्याकडे वळून म्हणाला, "मालकवर डाफरनारं जनावर घरमा बांधानं नही." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला ते तेव्हाच झोंबलं होतं.

मग गाढव आलं. करड्या रंगाचं, पाठीवर टपालाच्या पिशव्या, गळ्यात घंटा. आबा पुढे सरकला. "दात दखाडा."

"आबा, हे सॉफ्टवेअर आहे."

"दात."

पोराने वैतागून गाढवाच्या तोंडावर टिचकी मारली. गाढवाने जबडा वासून दात दाखवले! आबाने काचेला बोट लावून ते मोजले. मग शेपटीवर टिचकी मारायला लावली, तिने माशी हाणली. खुरावर मारली, त्याने पाय उचलून दाखवला. आबाने तिन्ही वेळा मान हलवली. दुकानदार पोरालासुद्धा हे माहीत नव्हतं. तो आता स्वतःच ठिकठिकाणी टिचक्या मारायला लागला होता.

"हात काढा."

हात काढला. गाढव थोडा वेळ आमच्याकडे बघत उभं राहिलं. मग खाली मान घालून गवत खायला लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहा आला, चहा संपला. गाढव गवत खातंय. एकदा त्याने मान वर करून कान हलवला आणि परत खायला लागलं. एक शब्द बोललं नाही. सगळ्या खेळात ते बोलतच नव्हतं.

"हाईच," आबा म्हणाला. "पोरले घाई करत नही. जनावर चांगलं शे."

मी कानात म्हटलं, "आबा, सगळ्यात साधा खेळ आहे हा. ते दोघं बोलतात तरी."

"बठ्ठा बोलतस. ऐकस कोन?"

भावाचं मी बघणार होतो, पण आबाने खांद्यावरचा रुमाल काढून दुकानदाराच्या हातावर टाकलासुद्धा. पोरगा लाल झाला. त्याने अंग चोरलं, दात आवळले, आणि शेवटी "हो, हो, दिला!" असं ओरडला. भाव ऐकून मला आनंद झाला. पुढे तो पोरगा एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "काका, मला त्या बोटांचं काही कळलं नव्हतं. गुदगुल्या होत होत्या, म्हणून हो म्हटलं."

बाहेर आल्यावर मी आबाला दलाली विचारली. द्यायची नव्हती, पण विचारावी लागते. आबा म्हणाला, "दलाली नको माले. कधीमधी जनावर दखाले यीसू."

मी लगेच हो म्हटलं. सांगितलेल्याला हो म्हणण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. तिथेच फसलो.

घरी बायकोने खेळाची डबी उघडून चित्र बघितलं. "व्याह्यांनी घोडा दिला, आणि तुम्ही गाढव आणलंत?" मी तिला सांगितलं की हे पारखून घेतलेलं आहे. तर ती म्हणाली, "ते दिसतंच आहे."

आखाजी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आबा हजर. मला वाटलं होतं वर्षातून एखाददा येईल. तो दोन आठवडे रोज आला. सकाळी यायचा, चप्पल जिन्याखाली काढायचा, पाय धुवायचा आणि वर जाऊन कॉम्प्युटरला नमस्कार करायचा. माझ्या ताटात जेवायचा, माझ्या कूलरसमोर बसायचा. आणि सोनी? तिसऱ्या दिवशी सोनी पलंगाखालून निघाली आणि त्याच्या मांडीवर जाऊन बसली.

हे मी दारात उभा राहून बघितलं. कॉम्प्युटर माझा. खेळ माझा. कूलर माझा. नात माझी. आणि मांडी त्याची!

ती टिचकी मारायची, आबा फक्त बोट दाखवायचा. "त्या म्हातारीना दार ठोक. तिनं पत्र शे." वाचता दोघांनाही येत नव्हतं. पाकिटावर पान असलं की झाडाखालचं घर, मासा असला की नदीकाठचं घर, असं होतं ते. खेळ जिथे सोडला तिथून पुढे चालू करायची काहीतरी सोय असते, असं मला फार नंतर कळलं. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामुळे रोज गाढव घरूनच निघायचं. दुपारी वीज गेली की जिथे असेल तिथे नाहीसं व्हायचं. आबा म्हणायचा, "रोजना रस्ता शे. जनावरले काय त्यानं?"

गावाच्या शेवटी एक फाटक होतं. त्यावर पाच घंटा टांगलेल्या. त्या एका ठरावीक क्रमाने वाजवल्या तरच ते उघडायचं. चुकलं की गाढव मान हलवून मागे फिरायचं. मीही आता मागे स्टूल टाकून बसायला लागलो होतो. कोण बसणार नाही? मी सूचना करायचो. "मोठी आधी! अरे, मोठी आधी वाजव म्हणतो ना!" सोनीच्या हातातून उंदीर निसटायचा. आबा मागे न बघता म्हणायचा, "हात काढा भाऊ." माझा हात तर कुठेच नव्हता.

एकदा दोघं खाली जेवायला गेली, तेव्हा मी एकट्याने बसून बघितलं. सगळे क्रम लावले. मोठी आधी, लहान आधी, एक सोडून एक. त्याच्यावर ओरडलो. शेवटी आबाचा उपाय म्हणून हात काढूनही बसलो, पाऊण तास घड्याळ लावून. गाढवाने गवत खाल्लं. बाकी काही झालं नाही.

सोनी पिंपळनेरला निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गाढव फाटकापाशी आलं होतं, आणि खाली दुकानात फोन वाजला. सुतळीवाल्याने ओला माल पाठवला होता, त्याला सोडणं शक्य नव्हतं. मी दहा मिनिटं ओरडलो. मग पुन्हा पाच मिनिटं ओरडलो. वर आलो तर पडद्यावर गाढव आपल्या घरी, गोठ्यात निजलेलं. खेळ संपून पुन्हा सुरुवातीला आला होता. आबा रुमाल झटकून खांद्यावर टाकत होता. आणि दोघांचे डोळे ओले. हसून हसून की आणखी कशाने, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"उघडलं?" मी विचारलं.

सोनीने मान डोलावली.

"कसं?"

तिने आबाकडे बघितलं. आबाने तिला बाजारातली बोटं शिकवली होती. क्रम त्याने तिला रुमालाखाली सांगितला होता. त्याला तो कुठून कळला, तेही रुमालाखालीच राहिलं.

"पलीकडे काय होतं?"

"रुमालखाले व्हयनं ते बाहेर सांगानं नही," सोनी म्हणाली. माझी नात मला अहिराणीत बैलबाजाराचा नियम सांगत होती. मी ओरडणार होतो. पण ती पलंगाखाली गेली नाही. तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा मीच स्टूल ओढून बसलो.

पुढच्या आखाजीला मी ठरवलं, यांना एकटं सोडायचं नाही. दुकानावर नोकर बसवला आणि सकाळपासून दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो. गाढव फाटकापाशी आलं. सोनीने हात काढला. आबाने तंबाखू काढली. मी होतो तोवर ते पुढे जाणार नव्हते, आणि मी उठणार नव्हतो.

"आजोबा, खाली गिऱ्हाईक आलंय."

"येऊ दे."

"आजोबा, तुमचा फोन वाजतोय."

"वाजू दे."

असे आम्ही तिघं, वीज जाईपर्यंत, गवत खाणाऱ्या गाढवासमोर बसलो. एक दिवस नाही, बारा दिवस. पाचव्या दिवशी सोनीला बसल्या बसल्या झोप लागली, ती माझ्या दंडावर. मी हललो नाही. आबा दुसरीकडे बघत होता. त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते कूलरच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "काही नही. जनावर सवयनं शे."

त्यानंतरची आखाजी आली तेव्हा आबा आला नाही. सोनी सकाळी जिन्यात बसून राहिली. मी म्हटलं, येईल, गाडी चुकली असेल. आठवड्याने त्याचा मुलगा आला. हातात नवा दोर. आबा थंडीतच गेला होता, आम्हाला कळवायचं राहून गेलं, असं म्हणाला. मग अवघडून उभा राहिला.

"बठा," मी म्हटलं.

"बठत नही. मी आबानं गाढव लेवाले उनू."

"कसलं गाढव न्यायला?"

"आबा जाताना बोलना, जळगावले मनं एक गाढव शे. दाती पूरं शे, कोनवर डाफरत नही."

मी त्याला वर नेलं. सोनीने कॉम्प्युटर लावून दिला. त्याने दोर हातात धरूनच पडद्याकडे बघितलं. बराच वेळ. गाढवाने मान खाली घातली.

"चारा खास का?" त्याने विचारलं.

"दिवसभर," सोनी म्हणाली.

"मंग ऱ्हाऊ द्या अठेच." तो जिना उतरून गेला. दोर मात्र विसरला नाही.

सोनी आता नाशिकला बँकेत आहे. मी तिला दर आखाजीला विचारतो. फोनवर विचारतो, समोर विचारतो. तिच्या लग्नात, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी, मांडवात जाऊन विचारलं. स्कूटर देतो म्हटलं. व्याही हसले, त्यांचं मी नंतर बघितलं. ती एकच म्हणते, "आजोबा, या ना इकडे, बसून बोलू." मी जातो. चार दिवस बसतो. ती जेवायला वाढते, गप्पा मारते, दवाखान्यात नेते, आणि सांगत नाही. मी परत येतो.

कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला. खेळाची ती चकती दुसरीकडे लावून बघितली, कुठेच चालत नाही. म्हणजे आता मी हजार वेळा घंटा वाजवायच्या म्हटल्या तरी ते फाटक माझ्याच्याने उघडणार नाही.

म्हणून चारचौघांसमोर, छापून विचारतो. तुम्हीही वाचताय, तुम्ही साक्षीदार. सोनी, तुझा नियम मला मान्य आहे. घंटांचा क्रम सांगू नकोस. पण खेळ मी घेतला होता, आणि त्या फाटकाच्या पलीकडे गेलेल्यांपैकी आता तू एकटीच उरली आहेस. माझं वय बघ. तिकडे काय होतं, ज्याने त्या म्हाताऱ्याचे डोळे तसे ओले झाले होते? मी ओरडत नाहीये. उत्तर दे.